घरगुती वल्हेयंत्राची कुरकुर

व्यायामासाठीं घरांत ठेवलेलें वल्हेयंत्र कुरकुरूं लागलें म्हणजे पहिली तक्रार येते ती बहुधा खालच्या मजल्यावरून. पहांटेच्या शांततेंत प्रत्येक ओढीबरोबर उठणारा आवाज शेजाऱ्याची झोप मोडतो, आणि शेजाऱ्याच्या संकोचानें गृहस्थ व्यायामच सोडून देतो. वैद्याच्या सांगण्यावरून हौसेनें आणलेलें यंत्र मग धोतरें वाळत घालण्याच्या कामीं येतें! झोपाळ्याच्या कड्यांची कुरकुर घराला शोभते असें मानणारे रसिक आहेत. वल्हेयंत्राला तो मान नाहीं.

कुरकुर म्हणजे तरी काय? एकमेकांवर दाबले गेलेले दोन भाग क्षणभर चिकटतात, सुटतात, पुन्हां चिकटतात. हें इतक्या जलद घडतें कीं त्याचा सूर होतो. राळ लावलेला गज व्हायोलिनच्या तारेवर हेंच करतो. यास्तव हलावयाचे भाग सुरळीत हलले पाहिजेत व न हलावयाचे घट्ट बसले पाहिजेत. लोक मात्र आवाज येतांच तेलाची बाटली उचलतात, आणि सैल बोल्टावर तेल ओतून स्वस्थ बसतात.

आधीं जागा शोधावी. मूठ हातांत न घेतां बैठकीवर बसून नुसतें मागेंपुढें सरकावें. आवाज आला, तर दोष बैठकींत, रुळांत किंवा पाय टेकण्याच्या फळ्यांत आहे. नंतर बैठक स्थिर ठेवून केवळ हातांनीं मूठ ओढावी. आतां आवाज आला, तर साखळी किंवा तिच्या कप्प्या पाहाव्या. ऐकण्याचें काम दुसऱ्याकडे द्यावें, कारण वल्हविणाऱ्याचा कान फसतो: धातूचा सांगाडा आवाज दूरवर नेतो, आणि पायांखालची कुरकुर बैठकीखालची वाटते. ऐकणाऱ्यानें बोटें व पदर साखळीपासून दूर ठेवावे, हें सांगावयास नकोच.

पायांचा जोर पडतांक्षणीं एकदांच आवाज होत असेल, तर फळ्यांचे व सांध्यांचे बोल्ट पान्यानें आवळावे. यंत्राचा एखादा पाय जमिनीवर नीट टेकत नसला तरीहि असेंच होतें. सरकतांना सारखा आवाज येत असेल, तर रुळावर घाम व धूळ यांचा काळा थर सांपडेल. ओलसर फडक्यानें रूळ व बैठकीचीं चाकें पुसावीं. रुळावर तेल मुळींच लावूं नये. त्यावर धूळ बसते आणि चाकें फिरण्याऐवजीं घसरतात.

तेलाचा खरा अधिकार साखळीला. अमेरिकेंतील व्हर्माँट राज्यांतल्या ड्रायसिगॅकर बंधूंनीं १९८१ सालीं कन्सेप्ट टू हें यंत्र विक्रीस आणलें, तेव्हां त्यांत सायकलचें चाक वापरलें होतें. पुढें चाक गेलें, साखळी राहिली. निर्मात्यांचा सल्ला असा कीं, दर ५० तासांच्या वापरानंतर चमचाभर शुद्ध खनिज तेल कागदी रुमालावर घेऊन तो साखळीवरून फिरवावा व जास्तीचें तेल पुसून घ्यावें. रोज अर्धा तास वल्हविणाऱ्यास ही पाळी शंभर दिवसांनीं येते. मुंबई-रत्नागिरीच्या खाऱ्या, दमट हवेंत, विशेषतः पावसाळ्यांत, साखळी त्याहून लौकर पाहावी. गंजलेले स्क्रू सोडविण्याचा डब्ल्यूडी-४० सारखा फवारा येथें नको. पट्ट्याच्या यंत्रांत साखळी नसते. त्या पट्ट्याला तेल लागल्यास तो घसरतो.

ताठ झालेला दुवा किंवा विरलेली रबरी दोरी दिसल्यास वल्हविणें त्याच दिवशीं थांबवावें. भर ओढींत साखळी तुटली तर मनुष्य पाठीवर आदळतो. आणि सर्व करूनहि पंख्याच्या पेटींतून घरघर येत राहिली, तर तिचें बेअरिंग गेलें असावें. तें काम कारागिराकडे सोंपवावें.