जागलीवरचा माणूस

माझ्या कळंबच्या लेकरांनो,

तुमचे नाच झाले, नाटुकलं झालं, आता सगळ्यांचे डोळे बक्षिसांच्या टेबलाकडे लागलेत हे मला इथून दिसतंय. तरी थोडा वेळ मला द्या. स्नेहसंमेलनाला आलेला पाहुणा यशाबद्दल बोलतो. मला आज देवाच्या राखणीबद्दल बोलायचं आहे. ज्या गावात चिंतामणी नांदतो, त्या गावात या विषयासाठी वेगळी परवानगी काढायला नको.

आपला चिंतामणी जमिनीच्या पोटात आहे. बाकी देवळांना पायऱ्या चढून जातात, आपण उतरून जातो. गौतम ऋषींच्या शापातून सुटण्यासाठी इंद्रानं इथे गणपतीची आराधना केली, ही कथा तुम्ही आजीच्या मांडीवर ऐकली असेल. दर बारा वर्षांनी कुंडाचं पाणी वर येतं, मूर्तीच्या पायांना लागतं आणि ओसरतं, ही आपल्या गावाची श्रद्धा. मी याच श्रद्धेत वाढले. घरातलं कोणीही गावाला निघालं की माझी आई देवापुढे सुपारी ठेवायची, आणि पोचल्याचा निरोप येईपर्यंत ती उचलायची नाही. पुढे मी डॉक्टर झाले, भूलतज्ज्ञ झाले, नागपूरला राहायला गेले, तरी तिची सुपारी चुकली नाही.

काही वर्षांपूर्वीची, नाताळच्या सुट्टीतली गोष्ट. आम्ही पहाटेच्या अंधारात नागपूरहून कळंबला निघालो. गाडीत मागे दोन्ही मुलं झोपलेली, मिस्टर गाडी चालवत होते. वर्धा गेलं, देवळी गेलं. भिडीच्या पुढे, वर्धा नदी जवळ येऊ लागली तसं धुकं दाट झालं. हिवाळ्यात आभाळ मोकळं असलं की रात्रीतून जमीन झपाट्यानं गार होते आणि नदीकाठच्या दमट हवेतल्या वाफेचे बारीक थेंब होऊन खालीच तरंगत राहतात. अशा वेळी मोठा लाईट लावला तर तो धुक्यावरूनच आपल्या डोळ्यांत परत येतो. खालचा लाईट लावून आम्ही चाललो होतो, पण वेग हवा तितका कमी नव्हता. ताशी ऐंशीच्या वेगानं गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. दिसलेलं मेंदूला कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण तेवढाच वेळ लागतो.

आणि रस्त्याच्या मधोमध आग हलताना दिसली.

ब्रेक लागला. गाडी थांबली तेव्हा समोर एक माणूस हातात पेटता टेंभा घेऊन उभा होता. पऱ्हाट्यांची मोळी, तिला चिंधी गुंडाळलेली, वर डिझेल ओतलेलं. त्याच्या मागे, धुक्यात अजिबात न दिसणारी, कापसानं गच्च भरलेली ट्रॉली आडवी उभी होती. ॲक्सल तुटला होता. मागे लाल दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही. कापूस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. ट्रॅक्टरवाला मदत आणायला गावाकडे गेला होता. टेंभेवाल्याचा त्या ट्रॉलीशी काही संबंध नव्हता. तो शेजारच्या शेतातला, जागलीला आलेला. त्यानं काचेतून आत डोकावून एवढंच विचारलं, “लेकरं बरे हायेत ना वो बाई?”

मी खाली उतरले आणि रस्त्यातच त्याच्या पाया पडले. तो संकोचून मागे सरला. त्या घटकेला मला जे जाणवलं ते देवाची राखण होती. आजही मी त्याला दुसरं काही म्हणत नाही. आईनं ठेवलेली सुपारी तेव्हा देवापुढेच होती.

घरी ही हकिकत सांगितल्यावर दोन तऱ्हेची माणसं भेटली. काही म्हणाले, यात देव कुठे आला, शेतकरी जागा होता म्हणून वाचलात. काही म्हणाले, तुमची पुण्याई मोठी, म्हणून देव धावला. मला दोन्ही बोलणी अपुरी वाटली.

पहिल्यांना मी विचारलं, तो शेतकरी का जागा होता? त्याच्या भागात शेतीपंपाची लाईन त्या आठवड्यात रात्रीची होती. हरभऱ्याला ओलित करायचं तर रात्रीच. वर रानडुकरांची धास्ती. म्हणून तो माणूस त्या गारठ्यात, चिखलात पाय देऊन, विंचूकाट्याचं भय घेऊन रात्रभर शेतात होता. माझी मुलं वाचली ती त्याच्या हालअपेष्टांच्या आधारानं. हे कळल्यावर माझ्या कृतज्ञतेचा गोडवाच गेला. तिच्या जागी एक ऋण आलं. देवानं मला राखलं खरं, पण त्या राखणीची किंमत दुसऱ्या कुणाच्या झोपेतून वळती झाली. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना चालू आहे. ती प्रत्येक शिवारात पोचावी असं मी मनापासून म्हणते, कारण माझ्यासारखीचा जीव वाचावा म्हणून कोणी हिवाळ्याच्या रात्री ओलितावर असावं, अशी प्रार्थना मला चिंतामणीपुढे करता येत नाही.

पुण्याईवाल्यांना सांगायला मला अधिक जड जातं. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. त्यांच्याही घरी कुणीतरी सुपारी ठेवली असेल. २०२२ या एका वर्षात आपल्या महाराष्ट्रात रस्त्यावर १५ हजारांहून जास्त माणसं गेली. ऑपरेशन थिएटरमध्ये माझ्या हाताखालून अशी मुलं गेलीत, तुमच्याच वयाची. त्यांच्या आयांच्या भक्तीत काय कमी होतं? ज्याच्या दारात शोक आहे त्याला ऐकू जाईल अशा आवाजात आपल्या पुण्याईची बढाई मारणं मला पाप वाटतं. मी का वाचले याचं उत्तर मला सापडलेलं नाही. वाचल्यानंतर काय करायचं, एवढं मात्र सापडलं.

गाडगेबाबांची आठवण इथे काढायलाच हवी, कारण ते आपल्याच मुलखातले. त्यांचा भर देवळांवर नव्हता. त्यांनी पंढरपूरला, नाशिकला, आळंदीला धर्मशाळा बांधल्या, की वाटेवरच्या माणसाला डोक्यावर छप्पर मिळावं. २० डिसेंबर १९५६ ला, अशाच थंडीच्या दिवसांत, अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या पुलावर प्रवासातच त्यांनी प्राण सोडला. आपल्या श्रद्धेला वाटेवरच्या माणसाकडे नेणारं हे वळण त्यांनी केव्हाच लावून दिलं आहे.

तर लेकरांनो, रस्त्यावर अपघात दिसला तर थांबा. पोलीस त्रास देतील, कोर्टात खेटे घालावे लागतील, या भीतीनं माणसं पुढे निघून जातात. ती भीती आता ठेवू नका. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याच्या बाजूनं निर्देश दिले, आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. भल्या मनानं मदत करणाऱ्यावर त्यासाठी दावा किंवा खटला चालत नाही. नावगाव सांगायचं की नाही हेही त्याच्या मर्जीवर. १०८ ला फोन करा आणि नेमकी जागा सांगा, पुलाच्या अलीकडे की पलीकडे, तेही.

एक गोष्ट भूलतज्ज्ञ म्हणून कळकळीनं सांगते. पडलेल्या माणसाला पाणी पाजू नका. आपल्याकडे पहिल्यांदा पाणीच पुढे करतात, मायेनं करतात. पण शुद्ध हरपलेल्या माणसाला पाजलेलं पाणी श्वासनलिकेत उतरतं, आणि जो हाडं मोडूनही जगला असता तो गुदमरून जातो. शुद्धीवर असला तरी थोड्या वेळानं त्याला ऑपरेशनला घ्यावं लागतं, तेव्हा पोटात काही असलं की आमची पंचाईत होते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. मान वाकवू नका, हेल्मेट ओढून काढू नका. पहिला एक तास फार मोलाचा असतो, आणि त्यातली पहिली मिनिटं डॉक्टरच्या हातात नसतातच. ती तिथे हजर असणाऱ्याच्या हातात असतात.

आता वर्धा ते कळंब रेल्वे झाली आहे. २८ फेब्रुवारी २०२४ ला तिचं उद्घाटन झालं, पुढे ती यवतमाळमार्गे नांदेडला जोडली जाणार, एकूण २८४ किलोमीटर. तुमच्या मामा-मावश्या सुट्टीत गाडीनं येतील, याचा मला फार आनंद आहे. पण कापूस रस्त्यानंच जाणार, आणि जानेवारीत अजून वेचणी संपलेली नाही.

म्हणून मी येताना चमकणाऱ्या लाल पट्ट्यांचे रीळ आणले आहेत. ते मुख्याध्यापकांच्या खोलीत ठेवले आहेत. ज्यांच्या घरी ट्रॉली किंवा बंडी आहे त्यांनी बक्षीस समारंभानंतर वडिलांना घेऊन तिथे यावं आणि मापानं पट्टी कापून न्यावी. ट्रॉलीला मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर लावा, कापसानं झाकणार नाही इतकी खाली. आणि आठवी-नववीच्या मुलामुलींनो, तुम्ही मैदानात थांबा. बेशुद्ध माणूस श्वास घेत असेल, तर त्याची मान न मुरडता त्याला कुशीवर कसं वळवायचं ते मी तुमच्याकडून करवून घेणार आहे. चटई सरांनी आणून ठेवली आहे.