दोन शास्त्रांचा एक प्रबंध

जात्यावर दळतांना महाराष्ट्रांतील बायांनीं गायिलेल्या एक लाखाहून अधिक ओव्या गी पॉइटेवां व हेमा राईरकर यांच्या परिश्रमानें संगृहीत झाल्या आहेत. एखाद्या विद्यार्थिनीनें त्यांवर पीएच्. डी.चा प्रबंध लिहिण्याचें योजिलें, तर तिनें कोणत्या विभागाचें दार ठोठवावें? शब्दांकडे पाहतां ओवी साहित्याची, चालीकडे पाहतां संगीताची, आणि सासरमाहेर व श्रम यांच्या उल्लेखांकडे पाहतां समाजशास्त्राची. एकाच दारांतून सबंध ओवी दिसत नाहीं. आंतरविद्याशाखीय संशोधनाची गरज येथेंच उत्पन्न होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ सालच्या नियमांनीं ही वाट मोकळी ठेविली आहे. पदव्युत्तर परीक्षेंत सामान्यतः शेंकडा ५५ गुण, प्रवेशाची कसोटी, किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम आणि ३ ते ६ वर्षांचा काल, ही त्यांतील मुख्य बंधनें होत. स्त्रियांना मुदतीची अधिक सवलत आहे. मार्गदर्शकाच्या जोडीला दुसऱ्या विभागांतील अथवा संस्थेंतील सहमार्गदर्शक घेतां येतो. प्रत्येक सत्रांत सल्लागार समितीपुढें प्रगति मांडावी लागते. बाहेरचे किमान २ परीक्षक प्रबंध तपासतात, आणि शेवटीं अध्यापक, संशोधक व विद्यार्थी यांस खुली अशी मौखिक परीक्षा होते.

या अटी मोजतां येतात. खरी कठीण अट मात्र मोजतां येत नाहीं. दोन शास्त्रांचा प्रबंध म्हणजे प्रत्येकाचें अर्धें ज्ञान नव्हे. संगीताच्या जाणकारास स्वरलेखन कच्चें वाटलें, तर ‘हा प्रबंध साहित्याचा आहे’ ही सबब चालत नाहीं. आणि साहित्याच्या परीक्षकास अर्थविवेचन उथळ वाटलें, तर स्वरलेखनाच्या पानांनीं तें भरून निघत नाहीं. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण येथें सहज खरी ठरते.

यावर उपाय आरंभींच करावा लागतो. पहिला, प्रश्नाची निवड. ‘ओव्यांतील साहित्य आणि संगीत’ हा केवळ मथळा झाला. ‘चाल बदलली असतां त्याच शब्दांचा भाव बदलतो काय?’ हा प्रश्न झाला. कारण त्याचें उत्तर कोणत्याहि एका शास्त्राला एकट्यानें देतां येत नाहीं. दुसरा, सहमार्गदर्शकाची योजना. विषय ठरण्यापूर्वीं तिचा विचार झाला, तर त्याची सूचना आराखड्यांत उतरते. मागाहून झाला, तर तो केवळ सहीचा धनी होतो. तिसरा, अभ्यासक्रमाचा उपयोग. जें मुळींच येत नाहीं, मग तें स्वरलेखन असो वा गांवीं जाऊन ध्वनिमुद्रण करण्याची रीत असो, तें याच काळांत शिकून घ्यावें.

अशा विद्यार्थिनीच्या घरीं ‘अजून किती वर्षें?’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो. तो मायेपोटींच असतो. परंतु नवी विद्या शिकण्यांत गेलेलें वर्ष वायां गेलें असें समजूं नये. त्या वर्षावांचून पदवी कदाचित् मिळेल. पण जात्याशीं बसलेल्या बाईचें गाणें अर्धेंच ऐकलें जाईल.