'बहुधा नाही' आणि 'मुळीच नाही'

भोपाळच्या इंद्रपुरीत, भेलच्या वसाहतीशेजारी, आमचे घर आहे. इथल्या मराठी मुलांची शाळा हिंदीत, खेळ हिंदीत. जेवणाचे ताट तेवढे मराठीत. गेल्या श्रावणात माझ्या सात वर्षांच्या नातवाने विचारले, "आजोबा, आज पाऊस पडेल का?" वर्तमानपत्रातून डोके वर न काढता मी म्हणालो, "कदाचित." तो तत्काळ उत्तरला, "म्हणजे नाहीच ना? बाबा खेळण्याला 'कदाचित' म्हणाले की ते खेळणे कधीच येत नाही."

मी वरमलो. नकार देण्याचे धैर्य नसले की आपण वडीलधारी माणसे हा शब्द पुढे करतो, आणि मुलाच्या भाषेतून एक प्रामाणिक शब्द नाहीसा होतो. वास्तविक अशक्य, क्वचित, कदाचित, बहुधा, हमखास, निश्चित अशी केवढी चढती पायरी आपल्या भाषेत आहे! 1875 साली स्थापन झालेले आपले हवामान खाते तर अशा शब्दांना माप लावते. त्याच्या अंदाजाच्या पत्रकांत 'शक्यता आहे' म्हणजे 25 ते 50 टक्के आणि 'दाट शक्यता' म्हणजे 50 ते 75 टक्के. शब्द तोलून वापरायचे ते असे.

मुलांना हे कळेल का? ज्याँ पियाजे आणि बार्बेल इन्हेल्डर यांनी 1951 साली मुलांच्या मनातील यदृच्छेच्या कल्पनेवर ग्रंथ लिहिला. साधारण सात वर्षांपर्यंत 'होऊ शकेल' आणि 'होणारच' यांतील भेद मुलाला नीट उमगत नाही, असे त्यांना आढळले. तेव्हा सूत्रे राहू द्यावीत. आधी खेळ, आणि खेळातून शब्द.

मी एका पिशवीत नऊ पांढरी बटणे आणि एक काळे बटण घातले. सारी एकाच आकाराची. न पाहता एक काढायचे, रंग सांगायचा आणि परत टाकायचे. "काळे निघेल का?" नातू म्हणाला, "नाही." मी म्हटले, "'बहुधा नाही' असे म्हण." सलग आठ वेळा पांढरे निघाले. "आता काळे निघालेच पाहिजे!" तो ओरडला. पण पिशवीला मागचे काही आठवत नाही. नवव्या वेळीही काळ्याची संधी दहांत एकच. शंभर मुलांनी दहा-दहा वेळा हात घातला, तर त्यांतील सुमारे 35 जणांना काळे बटण एकदाही दिसणार नाही. आमच्या घरी ते चौदाव्या खेपेस निघाले, आणि काय आनंद झाला! मग मी ते काळे बटण खिशात टाकले व विचारले, "आणि आता?" क्षणभर थांबून तो म्हणाला, "आता मुळीच नाही." 'बहुधा नाही' आणि 'मुळीच नाही' यांत एका बटणाचे अंतर आहे, हे त्याला समजले.

श्रोतेहो, हे अंतर केवळ खेळातले नाही. इथल्या कीटकनाशकांच्या कारखान्यातील धोक्याविषयी राजकुमार केसवानी या पत्रकाराने 1982 साली इशारे दिले होते. ते दुर्लक्षिले गेले, आणि 1984 च्या डिसेंबरातील 2 तारखेच्या रात्री विषारी वायू सुटून हजारो माणसे प्राणांस मुकली. जे क्वचित घडते ते घडतच नाही, असे मानण्याची किंमत या शहराने मोजली आहे. म्हणून भीती शिकवावी असे नव्हे. मुलाला शब्द मात्र खरे द्यावेत.

त्याची सुरुवात आपल्याच तोंडापासून व्हावी. खेळणे आणायचे नसेल तर स्पष्ट 'नाही' म्हणावे. 'कदाचित' हा शब्द खरोखरच माहीत नसेल तेव्हासाठी राखून ठेवावा.

परवा आभाळ भरून आले होते. मी म्हणालो, "बहुधा पडेल." नातवाने निमूटपणे रेनकोट दप्तरात घातला. दिवसभर थेंबही पडला नाही. मी खोटा ठरलो असे तो म्हणेल, या अपेक्षेने संध्याकाळी मी दारात उभा होतो. चपला काढता काढता तो हसून म्हणाला, "आजोबा, आज काळे बटण निघाले!"