भट्टीचा ताव आणि साखरेची साक्ष

भट्टीचे तापमान डोळ्यांना दिसत नाही. ते खुणांवरून ओळखावे लागते. दिवाळीत सातारा-सांगलीकडे घरी मळलेली नानकटाई बेकरीत भाजून आणली जाते. लाकडाच्या भट्टीत चिमूटभर मैदा टाकला आणि तो लगेच काळवंडला, तर ताव जास्त. सावकाश बदामी झाला, तर बेताचा.

घरच्या ओव्हनची परीक्षा साखर घेते. साखर सुमारे 186 अंश सेल्सिअसला वितळते. काटा 175 वर ठेवून पंधरा मिनिटांत दाणे कोरडेच राहिले आणि 190 वर तेवढ्याच वेळात वितळले, तर काटा बहुतांशी खरा. 175 वरच पाणी झाले, तर आतली उष्णता काट्यापेक्षा जास्त आहे. नानकटाईसाठी काटा खाली आणावा.