साठीनंतरची कबड्डी

पोंभुर्ण्याकडे धानाची कापणी आटोपली की कबड्डीचे सामने रंगतात. साठी ओलांडलेल्या जुन्या गड्यालाही मग राहवत नाही. खेळावंच. फक्त या वयात सांध्यांचे बंध सावकाश भरून येतात.

पाय मुरगळला तर पहिले 2 दिवस गरम तेलाचं मालिश नको, सूज वाढते. फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटं लावा, पाय उशीवर ठेवा. 4 पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढाच. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, तर मुका मारही डॉक्टरांना दाखवा.

आणि महिनाभर खाटेवर? छे! मांडीचा जोर झपाट्याने जातो. सोसेल तेवढं चाला. भिंतीला न धरता एका पायावर तोल साधला, की मगच चढाईचं बघा.