जुनी पेटी घेताना आधी आपण गाऊन बघा

आषाढी जवळ आली की गावोगावच्या महिला भजनी मंडळांत पेटीचा विषय निघतो. नवी परवडत नाही, मग जुनी बघायची. आम्हीही तेच केलं. अहमदपूरकडच्या आमच्या मंडळातल्या चौदा जणींनी बचतीतून ७ हजार जमवले आणि नांदेडहून एक जुनी पेटी आणली. दुकानदारानं स्वतः वाजवून दाखवली. इतकी गोड वाजली की काकूंनी तिथंच हात जोडले!

घरी येऊन आमच्या पट्टीत, म्हणजे काळी पाचला भजन धरलं, तर वरचे दोन सूर बेसूर आणि एक मुकाच. त्यानं पुरुषांच्या काळी एकमध्ये वाजवलं होतं, वरच्या पट्ट्यांपर्यंत बोटं गेलीच नव्हती. शिवाय कप्लर चालू होता. कप्लर लावला की एक पट्टी दाबल्यावर दुसऱ्या सप्तकातला तोच सूरही वाजतो, आणि कच्चा सूर त्यात झाकून जातो. दुरुस्तीला २,८०० रुपये गेले. पण खरी चूक आमचीच. ‘तुमच्यापैकी कुणी गाऊन बघता का’ असं त्यानं विचारलं होतं. चार लोकांपुढं दुकानात कसं गायचं, म्हणून आम्ही सगळ्या खाली बघत बसलो.

तर आता ऐका. आधी भाता. सगळे खटके बंद करून, एकही पट्टी न दाबता भाता मारा. आत हवा भरली की तो जड झाला पाहिजे. हलकाच चालत राहिला तर हवा कुठून तरी पळतेय. कधीकधी उंदरानं कातडं कुरतडलेलं असतं. मग खटके उघडा. पट्टी न दाबता सूर वाजला तर ती पट्टी नीट बसत नाही.

पेटीत सुरांच्या ओळी असतात: खर्ज, नर आणि मादी. (हसू नका, कारागीर तसंच म्हणतात.) घरच्या रियाजाला दोन ओळींची पेटी पुरते. कप्लर बंद ठेवा, एकेका ओळीचा खटका उघडा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक पट्टी दाबा, काळ्यासुद्धा. मग खालचा सा आणि वरचा सा एकदम धरा. आवाज सरळ राहिला तर ठीक, वाँव-वाँव अशा लाटा आल्या तर सूर उतरलेत.

सूर म्हणजे पितळेची पातळ जीभ. ती जुळवायला कारागीर कानशीनं घासतो. फार वेळा घासली की ती कमजोर होते आणि कधीतरी तुटते. म्हणून आतली फळी उचलून दाखवा म्हणायचं. नाही म्हणाला तर उठायचं. जुन्यात स्केल चेंजरच्या मागं लागू नका, सरकणारे भाग जितके जास्त तितकी कटकट जास्त.

पेटी मुळात फ्रान्सची. १८४२ साली पॅरिसला तिचं पेटंट घेतलं गेलं, तेव्हा ती पायानं भाता मारायची होती. हातभात्याची झाली ती आपल्याकडं, कलकत्त्यात. आणि गंमत म्हणजे १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर तिला बंदी होती! तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, असं जाणकारांचं म्हणणं. गावातल्या भजनानं काही तिला सोडलं नाही.

गेल्या महिन्यात शेजारच्या मंडळाबरोबर आम्ही लातूरला पेटी बघायला गेलो. या वेळी काकू म्हणाल्या, ‘सरका, मी गाते.’ पदर खोचला, काळी पाच धरली आणि एक गौळण सुरू केली. बाहेर दोन-चार माणसं थांबली. तिसऱ्या ओळीला दुकानदारानंच हात पुढं करून पेटी मिटली. म्हणाला, ‘मावशी, ही तुमच्या गळ्याला नाही. थांबा, आतली दुसरी काढतो.’