वाटेचं पायतण



मुक्ताईची पालखी कोथळीहून निघते, पंढरपूर गाठायला महिनाभर लागतो. एवढ्या वाटेत "पाय दुखस भो" हे रोज कानावर येतं. त्यावर चार शब्द.

पायतण सायंकाळी घ्या. दिवसभर चालून पाय सुजतो. सकाळी नीट बसलेली चप्पल सायंकाळी चावते. दोन्ही पायात घालून बघा, मोठ्या पायाच्या मापानं घ्या. बोटांपुढं जरा जागा सुटावी, टाचेमागं पट्टा असावा, तळ जाड असावा. नवं पायतण घालून वारीला निघू नका. महिनाभर आधी शेतात, बाजारात वापरून मऊ करा.

साखरेचा आजार असेल त्यानं अनवाणी चालूच नये. खडा रुतला, डांबर पोळलं, तरी त्याच्या तळव्याला कळत नाही. जखम चिघळते, पाय कापायची वेळ येते. रोज मुक्कामी उजेडात तळवे बघा, दिसत नसेल तर सोबत्याला दाखवा. आलेला फोड काट्यानं फोडू नका.

अनवाणी वारीचा नवस ज्यांचा असेल त्यांना हात जोडून सांगतो, पायतण काढायला राउळाचा उंबरा आहे. संत रोहिदासांनी पायतणं शिवता शिवताच हरिनाम घेतलं. पाय शाबूत, तर पुढची वारी.

रामकृष्ण हरी!